स्टेम सेलचे स्फेरॉइड बांधताना: आधी शेजार ठरवा, मग संख्या

सेल थेरपीचा कुठलाही प्रस्ताव उघडा, पहिला आकडा दिसतो तो पेशींच्या संख्येचा. वजनाच्या दर किलोमागे दहा लाख, वीस लाख. त्या पेशी एकमेकींना किती चिकटून होत्या, कोणाच्या शेजारी किती तास होत्या, याबद्दल बहुतेकदा अक्षर नसतं. मी रबाळ्याच्या बाजूला एमआयडीसीतल्या एका कल्चर रूममध्ये काम करते. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने येते-जाते. नव्याने आलेल्या एमएस्सीच्या मुलामुलींना शिकवणं हा माझ्या नोकरीचा कुठेच न लिहिलेला भाग आहे. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिलं आहे: मेसेन्कायमल स्टेम सेलचे, म्हणजे आमच्याकडे सगळे म्हणतात त्या एमएससींचे, स्फेरॉइड (पेशी एकमेकींना चिकटून झालेले गोळे) कसे बांधायचे आणि शेजारामुळे त्यांचं काम खरंच सुधारलं का हे कसं तपासायचं. साधं सेल कल्चर आणि पॅसेज तुम्हाला येतं असं धरून चालते. आणि हे सगळं प्रयोगशाळेतल्या संशोधनापुरतं आहे. माणसाला द्यायच्या पेशींचं प्रकरण वेगळं, त्याबद्दल शेवटी.

शेजाऱ्याचा परिणाम कुठल्या वाटेने येतो?

स्फेरॉइडचे साचे मागवण्याआधी हा प्रश्न सोडवा. पेशी एकमेकींवर परिणाम करतात त्याच्या ढोबळ चार वाटा आहेत. कॅडहेरिन ही पृष्ठभागावरची प्रथिनं पेशींना एकमेकींशी धरून ठेवतात, त्यांना कॅल्शियम लागतं. नॉच हा पृष्ठभागावरचा ग्राहक. त्याचा संदेश जायला एका पेशीवर नॉच आणि दुसरीवर त्याला जुळणारं डेल्टा किंवा जॅग्ड प्रथिन हवं, आणि दोघी अंगाला अंग लावून हव्यात. गॅप जंक्शन ही दोन पेशींमधली सूक्ष्म नळी. एमएससींमध्ये ती मुख्यतः कॉनेक्सिन ४३ ची असते आणि साधारण एक किलोडाल्टनपर्यंतचे रेणू तिच्यातून आरपार जातात. चौथी वाट स्रावाची: प्रोस्टाग्लँडिन ई२, टीएसजी-६, वाढीचे घटक, एक्सोसोम (पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या).

कुठली वाट ते शोधायला तीन प्रकारच्या वेल लावा. पहिलीत फक्त शेजारी पेशींचं वापरलेलं मीडियम घाला. दुसरीत ट्रान्सवेल ठेवा, म्हणजे ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्याची वाटी: वर एक पेशी, खाली दुसरी. तिसरीत दोन्ही थेट एकत्र. पहिल्या वेलमध्येच परिणाम दिसला तर नुसता स्राव पुरतो, आणि मग स्फेरॉइडचा खटाटोप करायचा की नाही याचा शांतपणे विचार करा. दुसरीत दिसला पण पहिलीत नाही, तर दोन्ही पेशींना एकमेकींचा स्राव सतत मिळायला हवा. वापरलेल्या मीडियमचा रस्ता एकतर्फी असतो, ट्रान्सवेलचा दुतर्फी. हा फरक मुलं हमखास विसरतात. फक्त तिसरीत दिसला तर स्पर्श लागतो, आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ट्रान्सवेलच्या छिद्रांतून एक्सोसोम जातात, त्यामुळे त्यांना ‘स्पर्श’ समजू नका. मोठ्या छिद्रांचा पडदा घेतला तर पेशी त्यातून हातपाय काढतात आणि अख्खा प्रयोग गढूळ होतो.

नाळ आणताना

आमच्याकडे पेशी बहुतेकदा नाळेतल्या व्हॉर्टन्स जेलीतून येतात. आईची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी नसेल तर नाळेला हातही लावायचा नाही. सिझेरियनची नाळ जास्त स्वच्छ मिळते. अँटिबायोटिक घातलेल्या सलाइनमध्ये, जेल पॅकच्या डब्यात, चार अंशांच्या आसपास ठेवून आणा. बर्फावर थेट ठेवू नका, गोठते. ठाण्यातून नाळ येणार असेल आणि पाऊस लागला असेल, तर ड्रायव्हरला कळवा-विटाव्याचा रस्ता घेऊ देऊ नका. विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की डबा तिथेच अडकतो. मुलुंडहून ऐरोली पुलावरून यायला सांगा. लांब वाटलं तरी वेळेत पोचतं.

फ्रीझरमधल्या पेशी वापरणार असाल तर वितळवल्या त्याच दिवशी स्फेरॉइड बांधू नका. २०१२ सालच्या एका अभ्यासात नुकत्याच वितळवलेल्या एमएससी इंटरफेरॉन-गॅमा या दाहाच्या संदेशाला नीट प्रतिसाद देत नव्हत्या. कल्चरमध्ये एकदा सावरू द्या, मग घ्या. तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजमधल्या, सत्तर-ऐंशी टक्के भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी उत्तम.

पेशी सोडवणं: सगळ्यात जास्त इथे बिघडतं

१९०७ साली एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी आपापल्या हुडकत पुन्हा एकत्र आल्या आणि नवा स्पंज उभा राहिला. पेशींना शेजार ओळखता येतो, हे तेव्हापासून माहीत आहे. कशाने ओळखता येतो, याचं मोठं उत्तर जपानच्या मासातोशी ताकेइची यांच्याकडून आलं, आणि ते थेट तुमच्या ट्रिप्सिनच्या बाटलीशी जोडलेलं आहे. कॅल्शियम असताना ट्रिप्सिन लावलं तर कॅडहेरिन शाबूत राहतं. कॅल्शियम काढून घेऊन लावलं तर ते कापलं जातं. आपण रोज काय वापरतो? ट्रिप्सिन-ईडीटीए. ईडीटीए कॅल्शियम बांधून टाकतं आणि मग ट्रिप्सिनला मोकळं रान. म्हणजे जास्त वेळ ट्रिप्सिनमध्ये राहिलेल्या पेशी मोजायला जिवंत, मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूमध्ये स्वच्छ, पण शेजारणीला धरायला त्यांच्याकडे काहीच उरलेलं नसतं. ते पुन्हा तयार करण्यात त्यांचे तास जातात, आणि आपण सकाळी गोळा नीट का बांधला गेला नाही म्हणून साच्याला दोष देतो.

म्हणून शक्य असेल तर अॅक्युटेजसारखं सौम्य एन्झाइम घ्या. ट्रिप्सिनच असेल तर फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये ठेवून चहाला जाऊ नका. मायक्रोस्कोपखाली बघत राहा. बऱ्याच पेशी गोल होऊन सुटल्या की सीरमचं मीडियम घालून थांबवा. उरलेल्यांसाठी फ्लास्क आपटत बसू नका. चाळीस मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, कारण आधीपासून चिकटलेला पुंजका साच्यात गेला की त्या खळग्यातला गोळा वेगळाच मोठा होतो. जिवंत पेशी नव्वद टक्क्यांच्या खाली असतील तर त्या दिवशी काम रद्द. मेलेल्या पेशींमधून सुटलेल्या डीएनएचे चिकट तंतू तयार होतात आणि त्यांनी बांधलेला गोळा दिसायला स्फेरॉइडसारखाच दिसतो. डीएमईएममध्ये कॅल्शियम सुमारे १.८ मिलीमोलर असतं, ते पुरेसं आहे. वेगळं घालायची गरज नाही. फक्त ईडीटीए पूर्ण धुऊन गेलंय ना, ते पाहा.

इंटरनेटवरून प्रोटोकॉल उतरवताना एक गोष्ट सांभाळा. भ्रूणीय किंवा आयपीएस (प्रौढ पेशींना भ्रूणीय पेशींसारखं करून बनवलेल्या) पेशींच्या प्रोटोकॉलमध्ये वाय-२७६३२ हे रॉक इनहिबिटर, म्हणजे रॉक हे एन्झाइम रोखणारं औषध, १० मायक्रोमोलर घालतात. योशिकी सासाई यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की त्यामुळे सुट्या केलेल्या मानवी भ्रूणीय पेशी मरत नाहीत. त्या पेशींसाठी ते बरोबर आहे. एमएससींना त्याची गरज नाही, उलट अडचण होते. गोळा घट्ट व्हायला अॅक्टिन-मायोसिनचं आकुंचन लागतं आणि हे औषध नेमकं तेच ढिलं करतं.

किती मोठा गोळा?

हे गणित वहीत करा, अंदाजाने नको. ऊतीत ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंत पोचतो. स्फेरॉइडमध्ये रक्तवाहिनी नाही, जे येतं ते बाहेरून. हजार एमएससींचा गोळा घट्ट झाल्यावर साधारण दीडशे मायक्रॉन व्यासाचा होतो. म्हणजे मधली पेशी पृष्ठभागापासून पंच्याहत्तर मायक्रॉनवर, तिची काही हरकत नाही. व्यास दुप्पट करायचा तर पेशी आठपट लागतात: आठ हजारांना तीनशे मायक्रॉन. पंचवीस हजारांना साडेचारशेच्या आसपास, आणि तिथे मधोमध ऑक्सिजनची ओढाताण सुरू झालेली असते.

आता गंमत अशी की डार्विन प्रॉकॉप यांच्या गटाचा २०१० चा गाजलेला प्रयोग नेमका पंचवीस हजारांच्या गोळ्यांचा होता. लटकत्या थेंबात बांधलेल्या त्या एमएससींनी टीएसजी-६ हे दाह शमवणारं प्रथिन सपाट थरातल्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त बनवलं. गोळ्यातल्या पेशींचं आकारमान सपाट थरातल्या पेशींच्या पाव पटीवर आलं होतं, लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणारा अंग चोरून बसतो तशा. नंतर सोडवून शिरेतून दिल्यावर त्यातल्या जास्त पेशी फुफ्फुसातून पुढे गेल्या. एरवी शिरेतून दिलेल्या एमएससींपैकी बहुतेक फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांतच अडकतात. त्याच गटाने २०१३ मध्ये दाखवलं की आवळले जाण्याच्या ताणामुळे या पेशी आपणहून आयएल-१ या दाहाच्या रेणूचा संदेश सुरू करतात आणि त्यातून पुढचे स्राव वाढतात. म्हणजे थोडा ताण हाच फायद्याचा भाग आहे. माझं मत तरीही हजार-दोन हजारांच्या बाजूचं आहे. ताण सगळ्या पेशींना सारखा मिळावा. बाहेरच्या निवांत आणि आतल्या मरायला टेकलेल्या, अशा गोळ्याचा निकाल दोन्हींची सरासरी असतो आणि तो पुढच्या वेळी तसाच येत नाही.

साचा ओतणं, आणि पावसाळा

तयार मायक्रोवेल प्लेट महाग पडतात. सिलिकॉनचा साचा एकदा घ्या, त्यात अॅगारोज ओता, वर्षानुवर्षं चालतो. २५६ खळग्यांचा साचा धरू. सलाइनमध्ये दोन टक्के अॅगारोज, ऑटोक्लेव्ह केलेलं. वाफाळतं ओतू नका, बुडबुडे होतात. जरा निवू द्या, हुडमध्ये ओता, बुडबुडा दिसला तर टिपने लगेच काढा. घट्ट झाल्यावर साचा हलका वाकवून अॅगारोज बारा वेलच्या प्लेटमध्ये सोडा. मग मीडियम घालून पंधरा मिनिटं ठेवा, काढा, पुन्हा घाला. ही भिजवणी टाळलीत तर अॅगारोजमधलं सलाइन तुमचं मीडियम पातळ करतं.

पेशी टाकायच्या आधी आतलं सगळं मीडियम तिरकं धरून काढा. हजार गुणिले २५६ म्हणजे २,५६,००० पेशी. त्या १९० मायक्रोलिटरमध्ये हव्यात, म्हणजे मिलिलिटरला साधारण साडेतेरा लाखांचं सस्पेन्शन. मधोमध थेंब थेंब सोडा आणि दहा मिनिटं प्लेटला हात लावू नका, पेशी आपापल्या खळग्यात बसू द्या. मग मीडियम अॅगारोजच्या बाहेरून, वेलच्या भिंतीला टिप टेकवून भरा. वरून ओतलंत तर बसलेल्या पेशी उडून शेजारच्या खळग्यात जातात.

साचा नसेल तर पेट्रीडिशच्या झाकणावर पंचवीस-तीस मायक्रोलिटरचे थेंब लावा, खाली पीबीएस भरा आणि झाकण एका दमात उलटं करा. ही प्लेट ज्या टेबलावर सेंट्रिफ्यूज आहे तिथे ठेवू नका. थेंब थरथरतात आणि एकमेकांत मिसळतात.

जून ते सप्टेंबर आमच्या पट्ट्यात खरा शत्रू बुरशी. ऑटोक्लेव्हमधून काढलेली कागदी पाकिटं या हवेत ओली राहतात, आणि ओलं पाकीट निर्जंतुक धरायचं नसतं. ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा, अर्धवट वाळलेलं परत ऑटोक्लेव्हला लावा. पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूमच्या दाराबाहेर फोडा, आत फक्त प्लास्टिकची पाकिटं येऊ द्या. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी निर्जंतुक डिस्टिल्ड हवं आणि ते ठरल्या दिवशी बदला, ‘अजून चालेल’ हा शब्द नको. कार्बन डायऑक्साइडचा जादा सिलिंडर भरून ठेवा, कारण मुसळधार पावसात सिलिंडरची गाडी येईलच याचा भरवसा नाही. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून ‘बघू’ नका. बंद दाराआड ऊब बराच वेळ टिकते.

पहिले तीन दिवस

चार-सहा तासांनी खळग्यात सैल पुंजका दिसतो. चोवीस तासांनी गोल. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत कड गुळगुळीत होते आणि मायक्रोस्कोपखाली मध्य गडद दिसतो. दुसऱ्या दिवशीही कड केसाळ असेल तर वर सोडवण्याबद्दल जे लिहिलं आहे ते पुन्हा वाचा. मीडियम अर्धंच बदला, टिप कडेला ठेवून. गोळे काढल्यावर एका छोट्या ट्यूबमध्ये साठवून ठेवू नका. दोन स्फेरॉइड टेकून राहिले की काही तासांत एक होतात, आणि तुम्ही केलेलं व्यासाचं गणित वाया.

इंटरफेरॉनने चेतवणं

एमएससी प्रतिकारशक्तीला आवर घालतात, पण आधी त्यांना दाहाची चाहूल लागावी लागते. म्हणून इंटरफेरॉन-गॅमा एक-दोन दिवस देतात. मानवी पेशी त्यानंतर आयडीओ हे एन्झाइम बनवतात, ते ट्रिप्टोफॅन तोडून कायन्युरेनिन करतं. उंदराच्या पेशी हेच काम मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडने करतात, म्हणून उंदराच्या प्रयोगावरून मानवी पेशींचा अंदाज बांधताना जपून. कायन्युरेनिन मोजायला महागडा किट लागत नाही. एर्लिख रीएजंट घाला, पिवळा रंग येतो, ४९० नॅनोमीटरला प्लेट रीडरवर वाचा.

यात एक खाच आहे. एमएससी म्हणून ओळख पटवायचे निकष २००६ सालचे: पृष्ठभागावरच्या खुणांपैकी सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ पंचाण्णव टक्के किंवा जास्त पेशींवर, आणि सीडी४५, सीडी३४, एचएलए-डीआर वगैरे दोन टक्क्यांच्या आत. इंटरफेरॉन-गॅमाने एचएलए-डीआर वर येतं. म्हणून ओळखीची फ्लो सायटोमेट्री (पेशीपेशीवरच्या या खुणा मोजणं) चेतवण्याआधी करा आणि कुठल्या टप्प्याला केली ते अहवालात लिहा.

दुसरी पेशी आणायची असेल तर

ताकानोरी ताकेबे यांच्या गटाने २०१३ मध्ये आयपीएसपासून केलेल्या यकृताच्या पूर्वपेशी, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी आणि एमएससी एकत्र ठेवल्या. दोन दिवसांत त्यांचा आपोआप गोळा झाला, उंदरात लावल्यावर त्यातल्या वाहिन्या उंदराच्या वाहिन्यांना जोडल्या गेल्या. तिघींत एमएससी सगळ्यात कमी होत्या, पण सगळ्यांना खेचून एकत्र आणणाऱ्या त्याच. त्यामुळे जोडकल्चर लावताना पेशींची तीन-चार वेगवेगळी प्रमाणं तरी लावून बघा आणि एमएससी वाढवत नेण्याचा मोह टाळा. फार झाल्या तर त्या बाकीच्यांना आवळतात.

कोण आत, कोण बाहेर हेही ठरवता येतं. फोटी आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये दाखवलं की एकाच जातीच्या पेशींत फक्त कॅडहेरिनचं प्रमाण कमी-जास्त केलं तरी जास्तवाल्या मध्ये जातात आणि कमीवाल्या बाहेर राहतात. दोन पेशींना दोन रंग देऊन तुमच्या गोळ्यात काय झालं ते आधी बघा. वेंडेल लिम यांच्या गटाने २०१८ मध्ये सिन-नॉच नावाच्या कृत्रिम ग्राहकाने शेजारी ओळखला गेला की कॅडहेरिन तयार व्हावं, अशा पेशी बनवल्या आणि त्यांनी थर आपणहून रचले. वाचायला जरूर वाचा. पण जनुकीय बदल आला की मंजुऱ्यांची पायरीही चढते. पहिल्या वर्षीच्या मुलांनी तिकडे जाऊ नये.

मोजताना

तुलनेसाठी सपाट थर हवाच: त्याच दात्याच्या, त्याच पॅसेजच्या, तितक्याच पेशी, तितक्याच मीडियममध्ये. निकाल ‘मिलिलिटरमागे’ लिहू नका. गोळ्यातल्या पेशी मोजणं कठीण, म्हणून शेवटी गोळा विरघळवून डीएनए मोजा आणि स्राव डीएनएच्या प्रमाणात लिहा. कॅल्सीन आणि प्रोपिडियम आयोडाइडने जिवंत-मृत बघा, पण रंग गोळ्याच्या आत नीट शिरत नाही. काही गोळे कापून बघावेच लागतात. आणि एकाच नाळेवरून निष्कर्ष काढू नका. तीन वेगवेगळ्या दात्यांत तोच कल दिसला तर बोला. दात्यादात्यांतला फरक अनेकदा तुमच्या साच्याने केलेल्या फरकाहून मोठा निघतो.

माणसाला देण्याबद्दल

वर सांगितलेलं काहीही, गाईचं सीरम, घरी ओतलेलं अॅगारोज, अँटिबायोटिक, रुग्णापर्यंत जात नाही. त्यासाठी जीएमपी, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाची सुविधा, २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम आणि स्टेम सेलसाठीची संस्थात्मक समिती हा रस्ता आहे. वेळ लागतो, पण पोचता येतं. खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अॅक्ट्रेक, टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती चाचण्यांतूनच. त्या टी-पेशी आहेत, स्टेम सेल नव्हेत, पण रस्ता तोच.

माझं काम कळल्यापासून सोसायटीतल्या काकू, मावशी विचारतात, ‘अगं, नातवाला ऑटिझम आहे, स्टेम सेलचं इंजेक्शन देतात म्हणे, देऊ का?’ मी त्यांना आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगते. रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि औषध नियंत्रकाने मंजूर केलेली मोजकी उत्पादनं सोडली तर बाकी सगळं अजून संशोधन आहे, आणि संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिकला तीन गोष्टी लेखी विचारा: सीटीआरआय या देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतला चाचणीचा नोंदणी क्रमांक, एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि पेशी कुठे तयार झाल्या. क्रमांक मिळाला तर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकून बघा. तिथे आजार, रुग्णालय आणि चाचणीची सद्यस्थिती दिसते. क्रमांकाऐवजी पॅकेजचा दर आला, तर नातवाला तिथे नेऊ नका.